डिझेल फार हादरतं

४ सप्टेंबर

आज पुन्हा एक काच फुटली. वाचनालयाच्या खिडकीची, माणसाएवढी उंच, कडा घासून तयार केलेली. दुकानातून निघाली तेव्हा धड होती, आणि तिथे पोहोचून दोऱ्या सोडतात तो कोपऱ्यापासून मधोमध तडा. ह्यांनी ती तिथेच फुटपाथवर टेकवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले म्हणे. हे मला भाऊजींनी सांगितलं. ह्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "ही गाडी आता काचेच्या कामाची राहिली नाही. डिझेल फार हादरतं."

लेकीने नोकरीला परगावी जाताना ही डायरी हातात दिली होती. म्हणाली, "आई, तू दिवसभर जे बोलतेस त्यातलं निम्मं इथे लिहीत जा, म्हणजे बाबांना जरा आराम." आगाऊ कार्टी! तशीच कपाटात पडून होती, आज काढली. घरात दोन पुरुष आहेत आणि सध्या दोघेही तोंडाला कुलूप लावून बसलेत. मग मी बोलायचं कुणाशी, काचेशी?

लिहायचंच तर पहिल्यापासून लिहिते. आमचं काचेचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. खिडक्यांची तावदानं, आरसे, टेबलावरच्या काचा. हे कापतात, धाकटे भाऊजी जागेवर जाऊन बसवतात, आणि मी गल्ल्यावर बसून दोघांना शिस्त लावते. भाऊजींनी लग्न केलं नाही, राहायला वरच्या खोलीत, जेवायला आमच्यातच. दारात आमची पिकअप, डिझेलची, लेकीपेक्षा वयाने मोठी. तिच्या मागच्या हौद्यात एक तिरकी लाकडी चौकट बसवलीय, तिला आम्ही घोडी म्हणतो. काच कधी आडवी न्यायची नाही. उभीच न्यायची, घोडीला टेकवून, खाली जुन्या गादीचं कापड घालून. उचलताना एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला भाऊजी. सासरे म्हणायचे, "काच दुखावते उचलताना आणि फुटते नंतर." दुकानात नवीन माणूस आला की त्याला आधी हे वाक्य मिळायचं, मग चहा.

गेल्या काही महिन्यांत फुटतूट फारच वाढलीय. इतकी वर्षं ह्याच गाडीने काचा सुखरूप पोहोचवल्या हे खरं, पण गाडीही म्हातारी होते. माणसाचे सांधे खिळखिळे होतात, मग हिचे का नाही होणार? ह्यांचं म्हणणं मला पटतं.

७ सप्टेंबर

जेवताना दोघा भावांची जुंपली. जुंपली म्हणजे काय, हे एक वाक्य बोलतात, भाऊजी अर्धं. पण ह्या घरात तेवढंच महाभारत.

हे म्हणाले, "पेट्रोलची पिकअप घ्यायची. इंजिन गुळगुळीत चालतं. काचेला तेच हवं."

भाऊजी म्हणाले, "दादा, आपल्याला ओझं वाहायचंय. वर टेकाडाच्या वस्तीत माल न्यायचा तर डिझेलची ताकद लागते. घ्यायचीच तर नवीन डिझेल घेऊ. नवीन इंजिन नाही एवढं हादरत."

"डिझेल ते डिझेल."

"पेट्रोल पिऊन पिऊन ती आपल्याला भिकेला लावेल."

आता ह्यात मला नवल वाटलं ते इंजिनाचं नाही. आजवर भाऊजींची पूर्व दिशा म्हणजे दादा दाखवतील ती. दादांनी उद्या सांगितलं की बैलगाडी घेऊ, तर हे चारा आणायला निघतील. आणि आज ताटावर बसून तोंडावर नाही म्हणतात! दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, आणि भात अर्धा टाकून उठले. चिक्कूपणा दुसरं काय? एकट्या माणसाला पैसे साठवायची खोड लागते.

मी ह्यांच्या बाजूने बोलले तर तिकडेही काही कौतुक नाही. चहा दिला तर म्हणतात, "अगं, अर्धाच कप देत जा." म्हटलं का हो? तर म्हणे भरलेला कप बघूनच पोट भरतं. चहासाठी जन्माला आलेला माणूस! साखर कमी करत असतील. चला, म्हातारपणी का होईना, अक्कल आली.

१२ सप्टेंबर

आज मिस्त्रीकडे गेलो. गाडीची दुरुस्ती कायम त्याच्याकडेच असते, त्यामुळे तिचं पोट त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत. मी मुद्दाम सोबत गेले, कारण हे दोघे गेले असते तर एकमेकांची तोंडं बघून परत आले असते.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून वर तळहात ठेवला, खाली वाकून बघितलं. म्हणाला, "इंजिनाखालची रबरं गेल्या वर्षीच नवी घातलीत मी. स्प्रिंगा ठीक आहेत. वयाच्या मानाने गाडी शांत आहे हो."

हे म्हणाले, "मग काचा का फुटतात?"

मिस्त्री हात पुसत पुसत पुटपुटला, "नाचता येईना अंगण वाकडं."

माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं झालं. मी त्याला तिथेच फाडून खाल्लं. म्हटलं, "मिस्त्री, जीभ सांभाळा. ह्यांनी काच कापायचा हिरा ओढला की बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. चर्र असा एकच आवाज, रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि काच दोन. तुमच्या हातून एक नट सरळ बसत नाही आणि दुसऱ्याला नाच शिकवता?" हल्ली चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे कापायचं काम भाऊजींकडे दिलंय, ते वेगळं. ते काही मी मिस्त्रीला सांगत बसले नाही.

मला वाटलं, हे आता त्याच्या अंगावर धावून जातील. ह्यांचा राग म्हणजे उकळतं दूध, क्षणात वर. पण परत येताना सगळा रस्ता गप्प. घर आलं तेव्हा म्हणाले, "कशाला त्याला बोललीस? त्याची काय चूक?"

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. ह्यापुढे मी कुणाच्या मध्ये पडणार नाही.

१३ सप्टेंबर

दाढी करायला हे आता रोज न्हाव्याकडे जातात. घरचा वस्तरा घरी, आणि हे निघाले राजासारखे. मी म्हटलं, पेट्रोलची गाडी आली की न्हाव्याकडेही तिनेच जा. हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून लिहून ठेवलं.

२० सप्टेंबर

मध्ये पडणार नाही म्हटलं होतं, पण आज असं काही पडले की प्रकरणाचा निकालच लावून टाकला.

तिघे गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो होतो. फरशी अशी की आपल्याच चपलांची लाज वाटावी. गळ्यात रुमाल बांधलेली एक मुलगी आली आणि गोड आवाजात ह्यांना विचारलं, "सर, तुमची प्रायॉरिटी काय? मायलेज की पॉवर?"

हे म्हणाले, "काच."

तिला काही कळेना. ती आपली खिडक्यांच्या काचा वरखाली करून दाखवायला लागली. मग मी सगळं समजावलं. तिने कागद काढले, डिझेलचं हे, पेट्रोलचं ते, आकडेच आकडे. भाऊजी आकड्यांत बोट घालून बसले. माझं डोकं गरगरायला लागलं. मी तिला म्हटलं, "बाळ, कागद राहू दे. एक पेलाभर पाणी आण."

काठोकाठ भरलेला पेला. दोन्ही गाड्या मागच्या पटांगणात शेजारी शेजारी उभ्या केल्या. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही ठेवा पेला, तर म्हणाले, "तूच ठेव, तुझी परीक्षा आहे." मग मीच डिझेलच्या बॉनेटवर ठेवला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. पाण्यावर गोल गोल कडी उठली, थांबायचं नाव नाही. मग पेट्रोलच्या बॉनेटवर ठेवला. इंजिन चालू केलं का, असं मला दोनदा विचारावं लागलं. पाणी असं स्थिर, की त्यात ढग दिसत होता.

ह्यांचा चेहरा बघायला हवा होता! शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा. "बघ! मी म्हणत नव्हतो? बघ!" मला म्हणाले, त्या रुमालवाल्या मुलीला म्हणाले, भाऊजींना म्हणाले. गाडीला हात लावला नाही, हात आपले खिशात, पण तोंडभर हसू.

भाऊजींचं तोंड मात्र एवढंसं झालं. परतताना हे पुढे गेले आणि भाऊजी माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. दादांना पेट्रोलची गाडी घेऊ देऊ नका."

"का पण?"

"महाग पडेल."

"तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाणी बघितलंत ना?"

"बघितलं म्हणूनच सांगतोय."

माझ्याकडे बघत नव्हते, तिकडे भिंतीशी बोलत होते. ज्याला खोटं बोलता येत नाही त्याने बोलू नये. माणूस पैशाला किती चिकटू शकतो हे आज कळलं. ह्याच माणसाला मी इतकी वर्षं ताटात वाढलं, माझ्या मनातून ते अगदी उतरले.

२१ सप्टेंबर

सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत आहे. दुकानाची मोठी वस्तू घ्यायची तर दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाने हात वर करायचा. मी सून म्हणून आले त्या वर्षापासून मलाही हात वर करायचा मान आहे, आणि मी तो कधी सोडला नाही.

डिझेल कोणाला? भाऊजींनी हात वर केला. पेट्रोल कोणाला? मी खांद्यातून निखळेल इतका वर केला. हे म्हणाले, "माझं माहीतच आहे तुम्हाला," आणि मांडीवरचे हात मांडीवरच ठेवले. म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत, हात वर करा. भाऊजी एकदम ओरडले, "असू दे ना वहिनी! कळलं ना त्यांचं!" आजवर माझ्यावर आवाज चढवला नव्हता. हरल्याचा राग, दुसरं काय!

मग हे म्हणाले, "गाडी तुझ्या नावावर घेऊ. कागदांवर सह्या तूच कर." आयुष्यात सायकल माझ्या नावावर नव्हती, आणि एकदम पिकअप! लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा एवढे कधीपासून सुधारले?" मी म्हटलं, उशिरा सुधारतात, पण सुधारतात.

५ ऑक्टोबर

गाडी आली. पांढरी, लांबच लांब. घोडी सुताराकडून तिच्यावर चढवून घेतली. जुनी गाडी समारंभांना खुर्च्या भाड्याने देणाऱ्या खुर्च्यावाल्याने घेतली. त्याने बॉनेटवर थाप मारली आणि "चल म्हातारे" म्हणून घेऊन गेला. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा खडखडाट ऐकू येत होता. मला जरा गलबलून आलं, पण मी ते दाखवलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी मला शेजारी बसवून फेरी मारली. आत इतकं शांत की ह्यांचा श्वास ऐकू येत होता. सिग्नलला थांबलो की हे डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. म्हटलं, थंडी वाजते का? म्हणाले, "सवय लागलीय." मी म्हटलं, आता सुखाची सवय लावून घ्या.

८ ऑक्टोबर

नव्या गाडीची पहिली खेप, सलूनचे आरसे. सगळे सुखरूप! मी दुकानात येणाऱ्या सगळ्यांना पेढ्यासारखी बातमी वाटली. भाऊजींना मुद्दाम ऐकवलं, "काय मग, कोण जिंकलं?" ते म्हणाले, "छान झालं, वहिनी." एवढंच.

एक मात्र त्यांचं मला आवडलं नाही. सकाळी हे खाली उतरायच्या आतच भाऊजींनी सगळे आरसे एकट्याने चढवून, बांधूनसुद्धा ठेवले होते. हे जरा वरमले. दोघांचं काम एकट्याने उरकायची एवढी कसली घाई? गाडीच्या वादात हरले म्हणून आता पुढे पुढे.

१३ ऑक्टोबर

वाचनालयाची काच पुन्हा गेली. पुन्हा कोपऱ्यापासून तडा. ही तर त्या मेल्या रस्त्याची करणी! जिथे तिथे खणून ठेवलंय. आणि नवीन गाडीलाही रुळायला वेळ लागतो, नव्या चपलेला नाही का लागत? मी हे सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग बाहेर गेले, इंजिन चालू केलं, आणि बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहिले, जसं लेकीच्या लहानपणी तिचा ताप बघायचे.

आत आले आणि म्हणाले, "हादरत नाही गं ही."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

वाचनालयाच्या बाईंचा फोन आला होता. चांगल्या शब्दांत सांगितलं, पण सांगितलं तेच. ही एक काच नीट आली नाही तर उरलेल्या खिडक्यांचं काम त्या दुसऱ्या दुकानाला देतील. म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांच्या हातची काच अजून समोरच्या दारात आहे हो, म्हणून मलाही वाईट वाटतं." हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

१७ ऑक्टोबर

भाऊजींची कंबर धरली. सकाळी उठताच येईना. वाचनालयाची नवीन काच कापून तयार होती आणि आजचाच वायदा होता. हे म्हणाले उद्या नेऊ. मी म्हटलं, उद्या कशाला, मी काय मेलेय? दुसरं टोक मी धरते. इतकी वर्षं बघतेय, एवढंही येणार नाही का? हे नको नको म्हणत होते. मी ऐकते होय! हातमोजे चढवले आणि काचेला भिडले.

काच उभी धरली. त्या टोकाला हे, ह्या टोकाला मी, मध्ये काच. "उचल," हे म्हणाले. उचलली.

आणि माझ्या हातात हादरा आला.

आधी मला कळेना. बारीक थरथर, थांबत नव्हती, मोज्यातून तळव्यात, तळव्यातून कोपरात. पहिला विचार आला तो इंजिनाचाच. मी म्हटलं, "अहो, गाडी चालू राहिलीय वाटतं."

हे म्हणाले, "गाडी बंद आहे."

मी मान वळवून बघितलं. गाडी बंद होती. किल्ली आमच्या गल्ल्यावर दिसत होती. दारात कुठे काही चालू नव्हतं, ना पंखा, ना घासायचं यंत्र. मग मी पुन्हा समोर बघितलं. काचेच्या पलीकडे हे होते. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, सगळा जीव दोन हातांत. आणि ते हात ऐकत नव्हते. मोजे घातले होते तरी दिसत होतं. कसं दिसलं नाही मला आजवर?

हे माझ्याकडे बघत होते. मधली काच एवढी स्वच्छ होती की कुठे नजर चोरायला जागा नव्हती.

"टेक सावकाश," हे म्हणाले. आम्ही ती घोडीला टेकवली. टेकवताना ह्यांच्या बाजूचा कोपरा लाकडावर टच्चकन वाजला. अगदी बारीक आवाज. आम्ही दोघांनी ऐकला आणि दोघांनी ऐकला नाही असं केलं.

पोहोचली तेव्हा तडा गेलेला होता.

१८ ऑक्टोबर

काही लिहवत नाही.

१९ ऑक्टोबर

वर भाऊजींना शेक द्यायला गेले होते. गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सरकवली आणि तिथेच खुर्चीवर बसले. विचारलं, "तुम्हाला किती दिवस ठाऊक आहे?"

ते छताकडे बघत म्हणाले, "दुसरं टोक माझ्याच हातात असायचं ना, वहिनी."

"आणि मला एक शब्द नाही सांगितलात?"

"दादांनी मलाही कधी सांगितलं नाही. ते म्हणायचे डिझेल हादरतं, मी म्हणायचो हो दादा, फारच हादरतं. बरं चाललं होतं आमचं." मग पिशवी नीट सरकवून घेत म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, डिझेलच घ्या."

मी त्या माणसाला चिक्कू म्हटलं. ह्याच डायरीत म्हटलं. पान फाडणार होते, पण नाही फाडलं, राहू दे. मी उठून जिन्यात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मिस्त्रीची आठवण झाली. नाचता येईना अंगण वाकडं. आम्ही तर जुनं अंगण विकून नवीन आणलं, गुळगुळीत, त्यावर पाण्याचा पेला ठेवून पारखून आणलं. आणि हात वर करून आणलं ते मी. ह्या माणसाजवळ झाकायला एक फाटकं पांघरूण होतं, ते मी भर पटांगणात टाळ्या पिटत ओढून घेतलं.

२६ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे नेलं. हे येईनात, मी हट्ट केला. भाऊजी काठी टेकत टेकत आले.

डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. ह्यांना बोटं उघडझाप करायला लावली, चालून दाखवायला लावलं. मग कोरा कागद आणि पेन दिलं आणि म्हणाले, "एक सरळ रेघ मारा बरं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

जगात इतक्या गोष्टी आहेत, आणि त्यांनी ह्यांना रेघच मारायला सांगावी.

ह्यांनी चष्मा नीट केला. पेन हिऱ्यासारखं धरलं, अंगठ्याने दाबून, तर्जनी वर. श्वास रोखला. मीही रोखला. रेघ गेली ती अशी, जशी पोरं डोंगर काढतात. हे कागदाकडे बघत राहिले, मग मान वर करून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं टेबल डिझेलचं दिसतंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते हसले. भाऊजी हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला हुंदका आला तो आवरेना. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात माझ्या पाठीवर थरथरत होता.

आजाराचं नाव मोठं आहे, माझ्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की गोळ्यांनी थोडं हळू होईल, जाणार नाही. मी विचारलं, काचकाम? डॉक्टर म्हणाले, "दुसरं काही बघता येईल का त्यांना?" जसं काही दुकानात दुसरा रंग मागतोय.

वाचनालयाचं काम गेलं. कागद आला तो ह्यांनीच वाचला, घडी घातली आणि गल्ल्यात ठेवला.

३ नोव्हेंबर

हे आता गल्ल्यावर बसतात, माझ्या जागेवर. मी भाऊजींच्या समोरचं टोक धरायला शिकतेय. गिऱ्हाईक आलं की हे हात खाली ठेवून तोंडाने भाव सांगतात. दिवसभरात कापायच्या टेबलाकडे एकदाही बघत नाहीत. गोळ्या वेळेवर घेतात. काही म्हणत नाहीत, त्याचंच मला जास्त वाटतं. ओरडा ना, एखादी काच फोडा, म्हणावंसं वाटतं. मी बडबड करते. माझी बडबडही हल्ली मलाच ऐकू येते.

९ नोव्हेंबर

काल खुर्च्यावाला आमची जुनी गाडी घेऊन आला होता. त्याच्या घरच्या खिडकीला मोठी काच हवी होती. भाऊजींनी कापली, आम्ही दोघांनी मिळून चढवली. गाडीला आता घोडी कुठली? त्याने खुर्च्यांच्या चळतीवर सतरंजी टाकली आणि काच चक्क आडवी ठेवली. भाऊजी ओरडले, अहो, फुटेल! तो म्हणाला, फुटली तर दुसरी नेईन. आणि गेला खडखडत, त्याच खणलेल्या रस्त्याने.

आज तो मुद्दाम सांगायला आला. हे गल्ल्यावर बसले होते, मी शेजारी चहा गाळत होते. दारातूनच म्हणाला, "काय हो तुमची काच! एक ओरखडा नाही! गाडी मात्र काय हादरते, माझे दात वाजत होते सगळा रस्ता. आणि ही बया जशी ठेवली तशी!"

त्याला काय माहीत बिचाऱ्याला. मोजपट्टी विसरला होता, ती घेतली आणि गेला.

हे गल्ल्याच्या काचेकडे बघत होते. मला ते सहन होईना. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "नशीब त्याचं, एखादवेळी होतं असं. आणि आपली नवी गाडी काय कमी हादरते? मी बसते ना तिच्यात, मला कळतं. बाहेरून गुळगुळीत, आतून मेली नुसती थरथर. त्या रुमालवालीने फसवलं आपल्याला. भाऊजी म्हणत होते तेच बरोबर, डिझेलच घ्यायला हवी होती."

भाऊजी आतून म्हणाले, "मी सांगतच होतो. पेट्रोलही हादरतं. फार हादरतं."

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आत भाऊजींकडे. मला वाटलं, आता म्हणतील, पुरे करा हे नाटक. डोळे भरून आले होते त्यांचे. पण म्हणाले, "हो. चुकलंच माझं. ऐकायला हवं होतं ह्याचं."

मी कप मांडले. ह्यांचा अर्धा भरला. माझा भरायला घेतला आणि अर्ध्यावर हात थांबला, तसाच ठेवला. भाऊजी आले, तिन्ही कपांकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, मलाही अर्धाच द्या."

तिघांनी चहा प्यायला. किटलीत बराच उरला, तो कोणी घेतला नाही.